दुसऱ्या उल्लेखातलं नाव

इंग्रजी वर्तमानपत्रातली कुठलीही राजकीय बातमी घ्या. नेत्याचं पूर्ण नाव सुरुवातीला एकदा येतं आणि पुढे अखेरपर्यंत एकाच शब्दावर काम भागवलं जातं. विन्स्टन चर्चिल दुसऱ्या वाक्यापासून नुसते चर्चिल होतात, मार्गारेट थॅचर नुसत्या थॅचर. न्यूयॉर्क टाइम्ससारखी पत्रं त्या शब्दाआधी ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ लावतात, बाकीची बहुतेक तेवढीही औपचारिकता ठेवत नाहीत. पण तो एक शब्द कोणता, हे आधीच ठरलेलं असतं: आडनाव. मथळ्यात तेच जातं, फोटोखालच्या ओळीत तेच येतं आणि पुढे इतिहासाच्या पुस्तकांच्या सूचीतही माणूस त्याच अक्षराखाली सापडतो.

ह्या पद्धतीमागे काही गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या आहेत. प्रत्येकाला आडनाव असतं, ते शेवटी असतं, ते घराण्याचं असतं आणि तेवढंच उच्चारलं तरी माणूस ओळखू येतो. इंग्लंड-अमेरिकेपुरतं हे बरोबर आहे. आपल्याकडे महाराष्ट्रातही ते बिनबोभाट बसतं, कारण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव ही आपली रचना शाळेच्या हजेरीपटापासून सातबाऱ्यापर्यंत पक्की झालेली आहे. टिळक, गोखले, आंबेडकर, यशवंतराव चव्हाण यांपैकी कुणालाही इंग्रजीत दुसऱ्या उल्लेखाला अडचण आली नाही. त्यामुळे ही रचना म्हणजे जगाचीच रीत असं मराठी माणसाला वाटून जातं. प्रत्यक्षात जगात असे कितीतरी समाज आहेत की जिथे आडनाव हा प्रकारच नाही, किंवा असला तरी हाक मारायला वापरत नाहीत. अशा देशाचा नेता इंग्रजी बातमीत शिरतो तेव्हा त्याच्या नावाचं काय होतं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे.

ब्रह्मदेशापासून सुरुवात करू, कारण तिथे हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. डाग हॅमरशोल्ड विमान अपघातात गेल्यावर नोव्हेंबर १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसपदावर ऊ थांट आले आणि १९७१ च्या अखेरीपर्यंत राहिले. क्यूबाचा पेचप्रसंग, काँगो, १९६५ चं भारत-पाक युद्ध, बांगलादेशचा जन्म, हे सगळं त्यांच्या कारकिर्दीतलं. दहा वर्षं हे नाव रोज जगभरच्या बातम्यांत होतं. रोमन लिपीतलं ते एक अक्षर पाहून आपल्याकडेही ते ‘यू थांट’ असंच वाचलं गेलं. वाचणाऱ्याला वाटायचं, ‘यू’ हे पहिलं नाव असेल किंवा आद्याक्षर असेल, आणि थांट हे आडनाव.

त्यांचं नाव फक्त थांट होतं. एकच शब्द, ना पुढे काही ना मागे. ‘ऊ’ हा आदराचा शब्द आहे, मूळचा काका ह्या अर्थाचा, आणि तो जन्मभर एकसारखा राहत नाही. बर्मी माणूस लहान असताना त्याच्या नावाआधी ‘माउंग’ लागतं, तरुणपणी बरोबरीचे लोक ‘को’ म्हणतात, आणि वय वाढलं, समाजात मान मिळाला की तो ‘ऊ’ होतो. बायकांच्या बाबतीत ‘मा’ आणि पुढे ‘दॉ’. म्हणजे नावापुढचा शब्द पाहून माणूस आयुष्यात कुठे पोचला आहे, आणि बोलणारा त्याच्याशी कोणत्या नात्याने बोलतो आहे, दोन्ही कळतं. साहजिकच ‘मिस्टर ऊ थांट’ म्हणणं म्हणजे एकाच माणसाला दोनदा श्रीयुत म्हणणं. दुसऱ्या थांटपासून वेगळं ओळखायचं तर बर्मी लोकांकडे त्यांची स्वतःची युक्ती होती: गावाचं नाव पुढे लावायचं. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातलं पंतानॉ हे त्यांचं गाव, म्हणून मायदेशी ते पंतानॉ ऊ थांट. आपल्या ‘कर’ लावण्याच्या सवयीशी हे जवळचं आहे, फक्त तिथे ते मुलाबाळांकडे वारशाने जात नाही.

आंग सान सू ची यांच्या नावात इंग्रजीला आडनाव सापडल्यासारखं वाटतं, कारण वडिलांचं नाव आंग सान होतं. पण त्यांचं नाव तीन माणसांकडून आलेलं आहे. आंग सान वडिलांकडून, सू वडिलांच्या आईकडून आणि ची आई खिन ची यांच्याकडून. हे चार शब्द मिळून एकच नाव होतं, त्यात घराण्याचा भाग वेगळा काढताच येत नाही. त्यांच्या आई १९६० साली ब्रह्मदेशाच्या राजदूत म्हणून दिल्लीत आल्या आणि मुलगी लेडी श्रीराम कॉलेजात शिकली. तिथल्या नोंदवहीत आडनावाच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न तेव्हाही आला असणारच. पुढे त्या जगभर गाजल्या तेव्हा बहुतेक इंग्रजी पत्रांनी शेवटचे दोन शब्द कापून घेतले आणि ‘सू ची’ हे जणू आडनाव असल्यासारखं चालवलं. न्यूयॉर्क टाइम्सने मात्र प्रत्येक उल्लेखात चारही शब्द लिहिण्याची रीत ठेवली. जागा खाते, वाक्य जड होतं, तरी मला ती पद्धत योग्य वाटते. त्यांच्या देशात लोक ‘दॉ सू’ म्हणतात, ‘अमे सू’ म्हणजे सू आई असंही म्हणतात, पण त्यातली जवळीक परक्या बातमीदाराला उसनी घेता येत नाही.

इंडोनेशियाचे पहिले अध्यक्ष सुकर्णो यांचं नावही एकाच शब्दाचं, सुहार्तो यांचंही तसंच. एका शब्दाच्या माणसाला पहिलं नाव असायलाच हवं, ह्या समजुतीपायी पाश्चात्त्य वृत्तपत्रांत सुकर्णोंच्या आधी ‘अहमद’ चिकटवलं गेलं. ते त्यांचं कधीच नव्हतं, पण एकदा छापून आल्यावर वर्षानुवर्षं ते संदर्भग्रंथांतही फिरत राहिलं. त्यांची मुलगी मेगावती पुढे अध्यक्ष झाली. ‘सुकर्णोपुत्री’ हा त्यांच्या नावातला दुसरा शब्द आपल्याला लगेच उमगतो, संस्कृतची कृपा. कुणाची मुलगी हे तो सांगतो. त्याला आडनाव मानून ‘मिसेस सुकर्णोपुत्री’ लिहिणं चूक आहे, इंडोनेशियात त्या मेगावतीच आहेत.

वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसवण्याची ही गफलत मलेशियापासून आइसलँडपर्यंत होते. मलेशियाचे महाथिर बिन मोहमद यांना ‘मिस्टर मोहमद’ म्हटलं तर हाक त्यांच्या वडिलांना जाते. इथियोपियाचे पंतप्रधान अबिय अहमद यांच्यातले अहमद म्हणजे त्यांचे वडील. १९८० साली आइसलँडच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या व्हिग्दिस फिन्बोगादोत्तिर म्हणजे फिन्बोगीची मुलगी व्हिग्दिस, आणि त्या देशात टेलिफोनची छापील डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाच्या क्रमाने लावत असत. इराकच्या सद्दाम हुसेन यांच्यावेळी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांतच दोन पद्धती झाल्या. काही जण ‘सद्दाम’ लिहीत, तर न्यूयॉर्क टाइम्स ‘मिस्टर हुसेन’. हुसेन हे वडिलांचं नाव होतं. पण नुसतं ‘सद्दाम’ वाचून बऱ्याच अमेरिकी वाचकांना ते एकेरी, तुच्छतेने लिहिल्यासारखं वाटे, आणि इराकमध्ये तर तीच सरळ रीत होती.

कधी कधी कापणी ह्याहून वाईट ठिकाणी होते. इथियोपियाचे सम्राट हायले सेलासी यांचं जन्मनाव तफारी मकोनन. राज्यावर बसताना त्यांनी घेतलेलं नाव म्हणजे ‘त्रिमूर्तीचं सामर्थ्य’, म्हणजे ख्रिस्ती पंथातल्या पवित्र त्रयीचं. इंग्रजीत दुसऱ्या उल्लेखाला नुसतं ‘सेलासी’ उरतं, आणि त्यात सामर्थ्य गळून पडून फक्त त्रयी राहते. इजिप्तचे गमाल अब्देल नासर हे तसंच उदाहरण. अब्देल नासर हा अखंड शब्द आहे, ईश्वराच्या एका नावाचा सेवक अशा अर्थाचा, आणि मुळात ते त्यांच्या वडिलांचं नाव. अरबीत त्यांना अब्देल नासर म्हणतात. इंग्रजीने त्यातून सेवक काढून टाकला आणि जे ईश्वराचं विशेषण होतं तेवढं माणसाला ठेवलं. आपल्याकडे नेहरू-टिटो-नासर ही त्रयी इतकी रुजली आहे की आज ते बदला म्हणून कुणाला सांगणंही अवघड.

इथे लगेच आपले माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम आठवतात. त्यांच्या नावाची घडणही नेमकी तीच. अवुल पकीर जैनुलाबदीन हे आद्याक्षरांत गेलेले पूर्वज आणि वडील, आणि अब्दुल कलाम हे त्यांचं स्वतःचं नाव. त्याचे दोन तुकडे व्हायला नकोत. पण साऱ्या देशाने त्यांना ‘कलाम’ म्हटलं, ‘कलाम सर’ म्हटलं, आणि त्यांनी ते मनापासून स्वीकारलं. म्हणून नासर आणि कलाम ह्या दोन तोडी मला सारख्या वाटत नाहीत. व्याकरणाने दोन्ही चूक, पण कलाम हे त्यांच्या माणसांनी केलं. ब्राझीलचे लुइस इनासिओ दा सिल्व्हा यांना कामगार ‘लुला’ म्हणत. निवडणुकीच्या मतपत्रिकेवर ते चालावं म्हणून १९८२ साली त्यांनी टोपणनाव कायद्याने आपल्या नावात घातलं. त्यांना ‘मिस्टर दा सिल्व्हा’ लिहिणाऱ्या इंग्रजी पत्राचं शास्त्र बरोबर असेल, पण ब्राझीलमध्ये दा सिल्व्हा कितीक आहेत आणि लुला एकच.

तेच व्हिएतनामचं. तिथे आडनाव असतं, पहिल्यांदा येतं, वारशाने चालतं, म्हणजे इंग्रजीला हवं ते सगळं आहे. पण न्विएन हे एकच आडनाव इतक्या लोकांचं आहे की त्यावरून कुणीच ओळखू येत नाही. म्हणून तिथे मोठ्या माणसालाही शेवटच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावानेच संबोधतात. दिएन बिएन फूच्या लढाईत १९५४ साली फ्रेंचांना हरवणारे व्हो न्विएन जाप हे जनरल जाप. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्विएन व्हान थिएउ हे अध्यक्ष थिएउ. युद्धाच्या काळात अमेरिकी वार्ताहरांनी ही रीत मुकाट्याने उचलली, आणि ती उचलता येते हे त्यातून सिद्धही झालं. ह्याला एक थोर अपवाद: हो चि मिन्ह. हे त्यांनी पुढे धारण केलेलं नाव, जन्माचं न्विएन सिन्ह कुंग. त्यांच्या बाबतीत मात्र लोकच पहिला शब्द घेतात आणि ‘हो काका’ म्हणतात. स्पेनमध्ये अशीच अडचण वेगळ्या वाटेने सुटली. तिथे वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावतात आणि एकच वापरायचं तर वडिलांचं वापरतात. पण होसे लुइस रोद्रिगेस थापातेरो पंतप्रधान झाले तेव्हा रोद्रिगेस इतके बोकाळलेले होते की देशाने आईचं आडनाव उचललं. इंग्रजीतही ते थापातेरो झाले.

क्रम आणि कापणी हा एक भाग, स्पेलिंग हा दुसरा. लिबियाच्या गद्दाफींचं आडनाव एका अमेरिकी पत्रात ‘क्यू’ने सुरू होई, दुसऱ्यात ‘के’ने, आणि असोसिएटेड प्रेसमध्ये ‘जी’ने. अरबीतल्या त्या आद्य अक्षराचा उच्चार प्रांताप्रांताला बदलतो, त्यामुळे तिघांकडेही कारण होतं. १९८६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दुसरीच्या मुलांनी त्यांना पत्र लिहिलं आणि चक्क उत्तर आलं, खाली रोमन लिपीतही नाव लिहिलेलं. असोसिएटेड प्रेसने तेव्हापासून तेच स्पेलिंग धरलं. शाळकरी मुलांच्या पत्रामुळे एका जागतिक वृत्तसंस्थेचा वाद मिटला, कारण नाव कसं लिहायचं ते नाववाल्याकडूनच आलं.

ह्या दुसऱ्या भागात महाराष्ट्राची मोठी गोष्ट आहे. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे उत्तरेत गेले, महादजींच्या काळात दिल्लीच्या राजकारणाची सूत्रं त्यांच्या हाती आली, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांना त्यांचं नाव रोज लिहावं लागू लागलं. कानाला जसं पडलं तसं ते कागदावर उतरलं. कुठे सिंदिया, कुठे सिंधिया. ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावला दौलतरावांशी तह झाला, तोवर इंग्रजी दप्तरात शिंदे हा उच्चार उरलाच नव्हता. पुढे ‘एस’नंतर मध्येच न उच्चारलेला ‘सी’ असलेलं स्पेलिंग कायम झालं. ते इंग्रजीतून हिंदीत गेलं आणि ग्वाल्हेरच्या मतदारापुढे आज ‘सिंधिया’ म्हणूनच येतं. मराठी वर्तमानपत्रं मात्र माधवराव शिंदे, ज्योतिरादित्य शिंदे असंच लिहितात, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. २०२२ साली एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा इंग्रजी दैनिकाच्या एकाच पानावर केंद्रातले मंत्री एका स्पेलिंगने आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री दुसऱ्या स्पेलिंगने येत होते. दोघांचं आडनाव एकच आहे हे इंग्रजी वाचकाला कळायला कुठलाच मार्ग नव्हता.

कंपनी सरकारने आणखी एक गोष्ट केली. आडनावांचे किताब केले. ‘द गायकवाड ऑफ बडोदा’ हा प्रयोग इंग्रजीत इतका रूढ झाला की गायकवाड म्हणजे निझामासारखं एखादं पद असावं असं परक्याला वाटावं, आणि स्पेलिंगच्या शेवटी ‘डी’च्या जागी बहुधा ‘आर’. सयाजीराव महाराज जन्माने नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली ते दत्तक आले आणि १९३९ पर्यंत त्यांनी राज्य केलं, सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. इंग्रजी वृत्तपत्रांत ते आयुष्यभर ‘द गायकवार’ राहिले. माणसाचं स्वतःचं नाव बाजूला पडून फक्त गादी उरली.

ठाकरे ह्यांची कथा उलट्या दिशेची आहे. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांना विल्यम मेकपीस थॅकरे ह्या इंग्रजी कादंबरीकाराचं लेखन आवडायचं. थॅकरे जन्माने कोलकात्याचा, साल १८११. प्रबोधनकारांनी आपल्या आडनावासाठी त्याचं स्पेलिंग घेतलं आणि ते घराण्यात चाललं. भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष झालेले कुशाभाऊ ठाकरे हे आडनाव साध्या उच्चाराप्रमाणे लिहीत, काँग्रेसचे माणिकराव ठाकरेही. देवनागरीत तिघांत काना-मात्रेचाही फरक नाही. इंग्रजीत मात्र एक घराणं ताबडतोब वेगळं उठून दिसतं. हे स्पेलिंग कुणी कारकुनाने लादलेलं नव्हतं, एका वाचकाने हौसेने निवडलेलं होतं, म्हणून त्यात बदल सुचवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पुढे घरातलेच दोन-तीन जण राजकारणात आले तेव्हा इंग्रजी मथळ्यांचा आडनावाचा नियमच कोलमडला आणि उद्धव, राज, आदित्य ही पहिली नावं मथळ्यात आली. गांधी घराण्याच्या बाबतीत हेच आधी घडलं होतं.

शिंदे-सिंदियासारखी जोडी कोरियातही आहे. १९४८ साली दक्षिण कोरियाचे पहिले अध्यक्ष झालेले सिंगमन री अमेरिकेत शिकलेले. त्यांनी आडनाव शेवटी नेलं आणि स्पेलिंगही वेगळं धरलं. २००८ ते २०१३ अध्यक्ष असलेले ली म्युंग-बाक यांनी ते जागच्या जागी, म्हणजे पहिलं ठेवलं. री आणि ली ही कोरियन लिपीत एकाच अक्षराची रूपं, आडनाव एकच.

चीनने ह्या बाबतीत सरळ राज्यसत्ता वापरली. माओंच्या नावाचं जुनं इंग्रजी रूप एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश मंडळींनी केलेल्या लेखनपद्धतीतलं होतं. १९७९ पासून चीन सरकारने परदेशी भाषांतल्या आपल्या कागदपत्रांत पिनयिन ही स्वतःची पद्धत लागू केली आणि त्याच वर्षी मोठ्या इंग्रजी वृत्तसंस्थांनी ती मान्य केली. माओ त्से-तुंग माओ झदोंग झाले. आडनाव पहिलं हा क्रम मात्र कधी मोडला नव्हता. शी जिनपिंग यांच्यातले शी हेच आडनाव, आणि इंग्रजी बातमीत दुसऱ्या उल्लेखाला बरोबर ‘शी’ येतं. जपानचं तसं नाही. मेइजी काळात पाश्चात्त्यांशी बरोबरी साधण्याच्या ओढीत जपान्यांनी स्वतःच इंग्रजीत नावं उलटी लिहायला सुरुवात केली. त्यामुळे एकाच बातमीत शी जिनपिंग सुलटे आणि शिंजो आबे उलटे, असं दशकानुदशकं चाललं. मे २०१९ मध्ये परराष्ट्रमंत्री तारो कोनो यांनी नेमकं हेच दाखवून परदेशी पत्रकारांना विनंती केली की ‘आबे शिंजो’ लिहा. १ जानेवारी २०२० पासून जपान सरकारने आपल्या इंग्रजी कागदपत्रांत आडनाव पहिलं आणलं, आणि द इकॉनॉमिस्टने त्याच सुमारास ते स्वीकारलं. बहुतेक अमेरिकी पत्रं अजून जुन्याच क्रमाने लिहितात. हंगेरीतही आडनाव आधी येतं, इंग्रजी बातम्यांतले हंगेरीचे नेते व्हिक्टर ओर्बान तिथे ओर्बान व्हिक्टर आहेत. पण इंग्रजीत उलटं लिहिण्याला खुद्द हंगेरियनांची हरकत नाही, म्हणून तिथे भांडण नाही.

मराठी वृत्तपत्रांच्या डेस्कवर परदेशी बातमी इंग्रजी वृत्तसंस्थेकडूनच येते. त्यामुळे इंग्रजीने केलेली प्रत्येक तोड आपण जशीच्या तशी देवनागरीत उतरवतो, उलटे आबे आणि अर्धे अब्देल नासर. खरं तर देवनागरीला रोमन लिपीइतकी बंधनं नाहीत, आणि जपान सरकारची विनंती मान्य करायला आपल्याला लंडन किंवा न्यूयॉर्कची वाट पाहायचं कारण नाही.

आपल्याकडची दोन नावं मात्र युरोपात फार चांगली टिकली आहेत. पोर्तुगालचे २०१५ ते २०२४ पंतप्रधान आणि आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष असलेले अंतोनिओ कोश्ता यांचे वडील ओर्लांदु द कोश्ता हे लेखक, कुटुंब मूळ मडगावचं. पोर्तुगीज रीतीप्रमाणे दुसऱ्या उल्लेखाला ‘द’ गळतो आणि नुसतं कोश्ता राहतं, इंग्रजीही तेच पाळते. घरी त्यांना कोंकणीत ‘बाबुश’ म्हणत. आणि २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबासह गावी येऊन गेले. आयर्लंडमध्ये त्यांच्या आडनावाच्या मधल्या अक्षरावर जोर देऊन ‘व्हरॅडकर’ असं म्हणतात. डब्लिनमध्ये जन्मलेल्या माणसाचं ते तिथलं नाव आहे आणि इंग्रजी वृत्तनिवेदकाने ते तसंच म्हणावं. सिंधुदुर्गातल्या बातमीदाराने वराडकर लिहावं.